थोडा दम धरा!

दिवाळी अंकात आजारपणाचे रडगाणे गाऊ नये, एवढे मला कळते. चकली मोडता मोडता चाळायला घेतलेल्या अंकातून खोकल्याचा आवाज यावा, असे कुणाला वाटेल? म्हणून संपादकांचे पत्र आले तेव्हा मी नेहमीसारखा एखादा वाङ्मयीन विषय काढून बसले होते. चार ओळी लिहिल्या आणि थांबले. जो विषय गेले काही महिने माझ्या छातीवर बसून आहे त्याला डावलून दुसरे काही लिहिणे ही शुद्ध लबाडी झाली असती. तेव्हा वाचकहो, फराळाचे ताट क्षणभर बाजूला ठेवा. रडगाणे गाणार नाही, एवढा शब्द देते.

मी कॉलेजात मराठी शिकवते. वय सत्तेचाळीस, नोकरी बावीस वर्षांची. २०२५ सालच्या जून महिन्यात छातीच्या डॉक्टरांनी माझी फाइल मिटली आणि ते म्हणाले, "आजार क्रॉनिक आहे. म्हणजे आपण मराठीत जुनाट म्हणतो तसा."

मला त्याही स्थितीत हसू आले. जुनाट ट्रंक असते, जुनाट वाडा असतो, जुनाट विचार तर आमच्या स्टाफरूममध्ये भरपूर असतात. पण माझा आजार तर आत्ता, या खुर्चीवर बसल्यावर जन्माला आला होता! पाच मिनिटांचे हे बाळ जुनाट कसे? घरी परतताना लोकलमध्ये त्याचा अर्थ लागला. 'क्रॉनिक' या शब्दाच्या मुळाशी ग्रीक भाषेतला 'काळ' आहे. जो आजार काळासारखा सोबत राहणार, पाहुणा म्हणून येणार आणि बिऱ्हाडकरू होऊन बसणार, तो जुनाट. मग मात्र हसू मावळले.

पुलाच्या पायऱ्या आणि ओवी

तसे इशारे वर्षभर मिळत होते. आम्ही डोंबिवलीला राहतो. रोज स्टेशनचा पूल चढायचा, लोकल पकडायची, उतरल्यावर पुन्हा पूल. बावीस वर्षे मी त्या पायऱ्यांकडे पाहिलेसुद्धा नव्हते. २०२४ च्या दिवाळीनंतर मात्र त्या मोजू लागले. अर्ध्यावर कठड्याला हात लावून उभी राहायची आणि मागच्याला वाट देण्याचे नाटक करायची. कोरडा खोकला तर पावसाळ्यापासूनच होता. खडूची धूळ, लोकलची गर्दी, चाळिशी उलटलेले वय, वाढलेले वजन, कारणे काय हवी तितकी सापडतात. मौज अशी की वजन वाढलेले नव्हते. ते चार किलो उतरले होते आणि मैत्रिणी मला त्याचे रहस्य विचारत होत्या.

खरी भीती वाटली ती वर्गात. ज्ञानेश्वरी शिकवताना ओवी मी नेहमी एका दमात म्हणते. तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड, जणू जिना उतरताना शेवटच्या पायरीवर टेकलेले पाऊल. एके दिवशी तिसऱ्या चरणातच माझा श्वास संपला. पाठांतर चोख होते, अर्थ स्पष्ट होता, समोर साठ मुले होती आणि आवाजच निघेना. पहिल्या बाकावरच्या मुलीने मुकाट्याने पाण्याची बाटली पुढे केली. ज्याचे भांडवलच आवाज, त्याची तिजोरी त्या दिवशी रिकामी निघाली.

मग तपासण्यांचा फेरा सुरू झाला. आधी क्षयाची शंका, कारण आपल्याकडे खोकला लांबला की पहिला संशय त्याच्यावर. थुंकी निर्दोष निघाली. खोकल्याच्या बाटल्या झाल्या. शेवटी छातीच्या डॉक्टरांनी पाठीला नळी लावली, बराच वेळ ऐकले आणि म्हणाले, "चपलेचा चिकटपट्टा ओढून काढताना आवाज होतो ना, तसा येतोय." सीटी स्कॅन झाले, नळीत फुंकण्याची तपासणी झाली, सहा मिनिटे चालवून पाहिले. मी ३६० मीटर चालले आणि बाकावर बसले.

त्यानंतर त्यांनी एक विचित्र प्रश्न विचारला. "घरात कबुतरं आहेत का?"

"घरात नाहीत," मी म्हटले, "गॅलरीत आहेत."

वाटीभर ज्वारी

त्या आजाराचे नाव लांबलचक आहे. हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. नाव अवघड असले तरी प्रकार समजायला सोपा आहे. आपल्या दोन फुप्फुसांत मिळून हवेचे तीस ते पन्नास कोटी सूक्ष्म फुगे असतात. कबुतरांची विष्ठा वाळते, तिची पूड होते. पिसांवरची पांढरी भुकटी हवेत उडते. काही माणसांच्या शरीरातली पहारेकरी यंत्रणा या कणांना शत्रू समजते आणि श्वासागणिक लढाईला उभी राहते. लढाई फुप्फुसात होते, म्हणून सूजही तिथेच येते. ती वर्षानुवर्षे चालली की जखमेवर वण राहावा तसा आतला मऊ भाग निबर होत जातो. सूज औषधाने उतरू शकते. वण मात्र पुसला जात नाही.

हे काही आजचे नाही. इटलीतल्या रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यात धान्य चाळणाऱ्या लोकांना धुळीने जडणाऱ्या खोकल्याची आणि धापेची नोंद आहे. कबुतरे पाळणाऱ्यांच्या फुप्फुसांतला हा विकार अमेरिकन डॉक्टरांनी १९६५ साली वैद्यकीय नियतकालिकात मांडला. आपल्या देशात फुप्फुसांचा आतला भाग सुजून निबर होणाऱ्या १०८४ रुग्णांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे ४७ टक्क्यांना हाच आजार निघाला. सगळा दोष कबुतरांचा असतो असे नाही. दुसरे पक्षी, ओल धरलेल्या भिंतींवरची बुरशी, कूलरमधले साचलेले पाणी यांनीही तो होतो. आणि कबुतरांच्या सहवासातल्या प्रत्येकाला होतो असेही नाही. कुणाला व्हावा, कुणाला नाही, हे ज्याच्या त्याच्या प्रकृतीवर असते.

या शेवटच्या वाक्याचा पुरावा आमच्याच घरात होता. माझ्या सासूबाई वयाच्या शहात्तराव्या वर्षी ठणठणीत आहेत, आणि कबुतरांना दाणे त्याच घालत होत्या.

ही प्रथा मुळात सासऱ्यांची. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी ती सुरू केली. सकाळी साडेसहाला पितळेची एक वाटी भरून ज्वारी गॅलरीच्या कठड्यावर पसरायची आणि मग चहा. ते २०१६ साली गेले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पंखांची फडफड ऐकू आली, आणि सासूबाई काही न बोलता उठल्या, वाटी घेतली आणि गॅलरीत गेल्या. तेव्हापासून एक दिवस खंड नाही. "त्यांचे पक्षी आहेत," असे त्या म्हणत. नऊ वर्षे त्या वाटीनेच त्यांची सकाळ उजाडत होती. आणि माझा लिहिण्याचा टेबल गॅलरीच्या खिडकीशी होता.

डॉक्टर म्हणाले, "औषधं मी देतो. पण पहिलं औषध म्हणजे ती कबुतरं बंद. आजपासून."

गप्प बसण्याचे दिवस

पहिला आठवडा मी रडले नाही. परीक्षेचे एकशे बारा पेपर तपासले आणि एकाही बेरजेत चूक केली नाही. लोक म्हणतात, बाई धीराची. तो धीर नव्हता. बातमी कानापर्यंत पोचली होती, आत शिरली नव्हती.

आमच्या कॉलेजातल्या मानसशास्त्राच्या बाई एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांचे १९६९ सालचे पुस्तक शिकवतात. त्यात मृत्यूच्या दारातल्या माणसांच्या मनाचे पाच टप्पे सांगितले आहेत: नाकारणे, संताप, घासाघीस, खिन्नता आणि स्वीकार. मी काही मृत्यूच्या दारात नव्हते, तरी मास्तरकीच्या सवयीने वाट पाहत बसले, की आता पहिला धडा संपेल, मग दुसरा लागेल. प्रत्यक्षात ते धडे लोकलसारखे आले. दोन एकदम, मग तासभर एकही नाही, आणि जो हवा होता तो नेमका रद्द.

सगळ्यांत वाईट होत्या रात्री. घर झोपले की मी मोबाइलवर वाचत बसे. इतके टक्के रुग्ण इतकी वर्षे जगतात, असले आकडे. मी गणितात कच्ची, पण त्या दिवसांत अपूर्णांक तोंडपाठ झाले. धाकटी मुलगी दहावीत होती. तिच्या लग्नापर्यंतचा हिशेब करताना एकदा पहाट झाली. पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे सांगितले. ते म्हणाले, "ते आकडे हजारो लोकांचे आहेत. त्यात तुम्ही कुठे उभ्या आहात हे त्या आकड्यांना माहीत नाही, मलाही अजून माहीत नाही. सहा महिन्यांनी थोडं कळेल." "मला माहीत नाही" हे तज्ज्ञाच्या तोंडचे वाक्य इतके दिलासा देईल, असे कधी वाटले नव्हते.

पण मी तुम्हाला सगळ्यांत लाजिरवाणी गोष्ट अजून सांगितलेली नाही. मी सासूबाईंना सांगितलेच नाही.

"धुळीची ॲलर्जी आहे" एवढेच घरात जाहीर केले. ह्यांना खरे ठाऊक होते. ते त्याच संध्याकाळी जाळी बसवणाऱ्याला बोलवायला निघाले होते. मी त्यांना अडवले. "आईंना काय सांगणार? तुमच्या वाटीने सुनेची फुप्फुसं खाल्ली?" ते म्हणाले, "मग काय, तू श्वास घ्यायचं थांबवणार?" मी टेबल आतल्या खोलीत हलवला, खिडक्या बंद केल्या, आणि एवढ्याने भागेल अशी स्वतःची समजूत घातली. जणू हवेला खोल्या कळतात!

वरून पाहिले तर हा माझा मोठेपणा होता. म्हाताऱ्या बाईचे मन मोडू नये, वगैरे. आता खरे सांगते. मी बोलत नव्हते कारण मला भयंकर राग आला होता आणि तोंड उघडले तर तो बाहेर पडेल अशी भीती होती. सकाळी साडेसहाला पितळेच्या वाटीचा कठड्यावर टक् असा आवाज झाला की अंथरुणात माझ्या मुठी आवळत. नऊ वर्षांच्या सकाळी मी मोजल्या. तीन हजारांवर गेल्या. ज्या बाईने माझ्या दोन्ही बाळंतपणांत मला ऊन ऊन भात भरवला, तिच्याकडे मी जेवताना बघत नसे. त्यात स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झालेल्या. त्यांनी झोप उडते, भूक वाढते, चेहरा सुजतो आणि माणूस उगीच चिडतो. माझा राग किती माझा आणि किती गोळ्यांचा, हे मला तेव्हा वेगळे करता येत नव्हते.

असे चार आठवडे गेले. औषध घेत होते आणि ज्याच्यावर औषध घेत होते तेच श्वासातून आत ओढत होते. उगीच मौन पाळल्याची किंमत काहीजण मनाने मोजतात. मी ती फुप्फुसांनी मोजत होते.

आत्याची गोष्ट

जुलै महिन्यात मुंबईतल्या कबुतरखान्यांचा वाद पेटला. ते बंद करावेत असे सरकारने विधिमंडळात सांगितले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, टीव्हीवर रोज चर्चा. एका बाजूला भूतदया, दुसऱ्या बाजूला आरोग्य. एका संध्याकाळी मी कॉलेजातून आले तर सासूबाई टीव्हीसमोर बसल्या होत्या आणि पडद्यावर एक डॉक्टर कोरडा खोकला, धाप, उतरलेले वजन अशी लक्षणे सांगत होते. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले. टीव्ही बंद केला.

"तुझी धुळीची ॲलर्जी म्हणजे ही का गं?"

"हो."

त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी वाटीचा आवाज आला नाही. कबुतरे मात्र वेळेवर आली. त्यांना कुणी निरोप दिला नव्हता. कठड्यावर फडफड, गजांवर चोची, आणि आत सासूबाई गॅलरीकडे पाठ करून जपमाळ ओढत बसलेल्या. त्या दोन दिवस धड जेवल्या नाहीत. तिसऱ्या रात्री मी स्वयंपाकघर आवरत होते तर दारात येऊन उभ्या राहिल्या.

"म्हणजे मीच केलं म्हणायचं."

यावर काय उत्तर द्यावे याची तालीम मी चार आठवडे केली होती. 'तुमचा काही दोष नाही हो आई,' वगैरे. ऐन वेळी ते वाक्य खोटे वाटले. मी म्हटले, "आई, मला खूप राग आला होता. महिनाभर."

"दिसत होतं की! पानात वाढायचीस पण बघायची नाहीस. मला वाटलं, आता हिला मी नकोशी झाले."

"सांगितलं असतं तर तुम्हाला—"

"मला काय झालं असतं? मी काय कबूतर आहे, हुश्श केलं की उडून जायला?"

आणि आम्ही दोघी हसलो. हसता हसता मला खोकल्याची उबळ आली, त्यांनी पाठीवरून हात फिरवला, आणि जूनपासून जे रडू अडले होते ते त्या रात्री भांडी घासायच्या ओट्यापाशी आले.

मग त्यांनी त्यांच्या आत्याची गोष्ट सांगितली. सासूबाई लहान असतानाची. वाईकडच्या वाड्यात आत्याला क्षय झाला. तिची खाट मागच्या पडवीत गेली, ताट-वाटी वेगळी झाली, मुलांना तिकडे जायची बंदी. "औषधं निघाली होती म्हणे तेव्हा, पण आमच्याकडे पोचेपर्यंत उशीर झाला. तिला काय झालंय ते सगळ्या वाड्याला ठाऊक होतं. तिला तेवढं कुणी सांगितलं नव्हतं. ती मला पडवीतून विचारायची, बये, माझ्यावर सगळे रागावलेत का गं?" थोडे थांबून त्यांनी विचारले, "तुझा पेला वेगळा ठेवायचा का?" मी सांगितले, हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. त्यांनी लगेच माझ्याच पेल्यातले पाणी प्यायले. तेवढ्याने त्यांचे समाधान झाले की माझे, कोण जाणे.

त्या रात्री मला एक गोष्ट समजली. खरे तर मराठीच्या बाईला ती आधीच समजायला हवी होती. 'कारण' आणि 'दोष' हे दोन शब्द आहेत. शब्दकोशातही ते एकमेकांपासून चांगले लांब आहेत. आजारी माणूस मात्र त्यांना एकाच ताटात वाढून घेतो. कुणामुळे झाले, मी काय पाप केले, कुणी करणी केली. कारण शोधायलाच हवे, कारण ते सापडले तर दूर करता येते. दोष शोधून काय मिळते? श्वास तेवढा खर्च होतो, आणि माझ्याकडे तो आधीच बेताचा होता. वाटी हे कारण होते. दोष कुणाचाच नव्हता. नवऱ्याची आठवण जपणाऱ्या बाईचा नाही, आणि भूक लागली म्हणून येणाऱ्या पाखरांचाही नाही.

राग त्यानंतर एकदम गेला असे मात्र समजू नका. अजूनही पुलावर धाप लागली की त्याचा चटका बसतो. पण आता मी तो सांगते. "आई, आज मला तुमच्या कबुतरांचा राग आलाय." त्या म्हणतात, "येऊ दे. चहा घेतेस?"

मंदाक्रांता

पुढचे सारे व्यवहाराचे. आठ दिवस माझी रवानगी नाशिकला बहिणीकडे झाली. मागे गॅलरीतली घाण आधी ओली करून, मग तोंडाला चांगला मास्क बांधून माणसांनी काढली. वाळलेली खरवडली तर तीच पूड हवेत उडते. जाळी बसली. पिसांच्या दोन उशा गेल्या. एवढे झाल्यावर सासूबाई स्वस्थ बसतील तर शपथ! इमारतीत आणखी दोघे आजोबा दाणे टाकत. त्यांच्या दारात जाऊन त्यांनी सांगितले, "मी घालत होते, सुनेच्या छातीला बाधलं. तुम्ही घालू नका." महिनाभर मी जे लपवले ते एका दुपारी तीन मजल्यांना कळले. त्यानंतर अडुळशाच्या काढ्यापासून गायीच्या तुपापर्यंत इतके उपाय घरी आले की दिवाळी अंकाचे एक सदर चालावे. दाणे मात्र थांबले. एका आजोबांचे थांबले, दुसऱ्यांचे निदान आमच्या बाजूने.

कॉलेजातही सांगून टाकले. प्राचार्यांनी पहिल्या मजल्यावरचा वर्ग दिला आणि गळ्यात अडकवायचा माइक मागवला. वर्गात मी म्हटले, "यापुढे मी मध्येच थांबले तर विसरले असे समजू नका, श्वास घेते आहे असे समजा." मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, आम्हालाही लिहून घ्यायला वेळ मिळेल!"

छंदःशास्त्र शिकवताना 'यती' हा शब्द मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आले. ओळ म्हणताना जिथे विसावा घ्यायचा ती जागा म्हणजे यती. शार्दूलविक्रीडितात एकोणीस अक्षरे, बाराव्यावर यती. परीक्षेत दोन गुणांना. आता कळले की आपल्या जुन्या कवींना माणसाच्या छातीचे माप पक्के ठाऊक होते. थांबणे हा ओळीचाच भाग आहे, ओळ मोडल्याची खूण नाही. माझे आवडते वृत्त मंदाक्रांता. नावाचा अर्थच हळूहळू पाऊल टाकणारी. सतरा अक्षरे: आधी चार, मग सहा, मग सात. स्टेशनचा पूल मी आता मंदाक्रांतेत चढते. चार पायऱ्या, विसावा; सहा पायऱ्या, विसावा; मग सात. एक ओळ झाली. लोकल चुकते कधीकधी. दुसरी येते.

श्वासाचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी आणखी एक युक्ती दिली. नाकाने श्वास घ्यायचा आणि बशीतला गरम चहा फुंकावा तसे ओठ करून तो सावकाश सोडायचा. धाप लागली की पहिल्यांदा पळून जाते ती अक्कल. ही फुंकर तिला परत बोलावते. धापेने घाबरायचे, घाबरल्याने धाप वाढायची, असे ते रहाट असते. कुठेतरी हात घालून ते थांबवावे लागते.

ज्यांना अलीकडेच असे काही निदान ऐकावे लागले असेल त्यांच्यासाठी, बाईपणाच्या सवयीने, चार शब्द सांगते. रात्री आकडे वाचू नका. दिवसा एका वहीत प्रश्न लिहा आणि ती वही डॉक्टरांपुढे उघडा. आजाराचे नाव घरात मोठ्याने उच्चारा, कारण नाव न घेतलेली गोष्ट अंधारात वाढते. गोळ्यांनी स्वभाव बदलल्यासारखा वाटला तर तेही सांगा, आणि स्टिरॉइड आपल्या मनाने एकदम बंद करू नका. ते धोक्याचे असते. मन दोन-दोन आठवडे उठत नसेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर ते खोकल्याइतकेच सांगण्याजोगे लक्षण आहे आणि त्यावरही उपचार आहे. मी स्वतः पाच वेळा समुपदेशकाकडे गेले. पहिल्या वेळी ओढणीने तोंड झाकून गेले होते, हेही कबूल करते. आणि घरच्यांनो, तुम्हीही गप्प राहू नका. तुम्हालाही हा आजार झालेला असतो. त्याचे कागद तेवढे निघत नाहीत.

आपल्या भाषेने श्वासावर किती शब्द खर्च केले आहेत पाहा. दम लागतो, दम देतात, दम काढतात, बेदम मारतात. पण दमलेल्या माणसाला आपण काय सांगतो? दम खा, दम धर. लागलेला दम धरून ठेवावा आणि चवीने खावा, असे सांगणारी ही भाषा मी बावीस वर्षे शिकवली. तिने मला शिकवायला घेतले ते आता.

माझी ताजी खबर अशी. गोळ्यांचे प्रमाण कमी झाले आहे. फुंकण्याच्या तपासणीतला आकडा फार वर गेला नाही, पण घसरायचा थांबला. सहा मिनिटांत मी आता ४१५ मीटर चालते. वण आहेत तसे आहेत. पुढे काय, याचे उत्तर अजूनही "सहा महिन्यांनी पाहू" असेच आहे. त्या वाक्याबरोबर राहायची थोडी सवय झाली आहे, पूर्ण नाही. फटाक्यांच्या धुराचे चार दिवस खिडक्या लावून घरातच काढायचे, असे ठरले आहे.

आमच्या जुन्या इमारतीला लिफ्ट नाही. दोन मजले चढायचे. पूर्वी बाजारातून आलो की सासूबाई गुडघ्यांमुळे मधल्या वळणावर थांबत, आणि मी पिशव्या घेऊन वर जाऊन दार उघडून त्यांची वाट पाही. आता त्या वळणावर आम्ही दोघीही थांबतो. त्या गुडघ्यांसाठी, मी श्वासासाठी. पिशव्या खाली ठेवतो. परवा चकलीची भाजणी घेऊन आलो तेव्हा मी जरा आधी निघू लागले, तर त्यांनी माझा पदर धरला.

"थोडा दम धर," म्हणाल्या, "मलाही बरोबर यायचंय."